बहिणीची दोन मुलं: आजीकडेच ठेवावीत, बालगृहात घालावीत की आणखी काही? (सातारा)

माणचा_मामा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचून जातो, आज लिहायची वेळ आली. जरा लांबड होईल, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण मार्चमध्ये गेली. किडनीचा आजार, दीड वर्ष सातारा-कराड वाऱ्या चालू होत्या. तिला दोन मुलं. थोरली ११ वर्षांची, पाचवीत. धाकटा साडेपाचचा, अंगणवाडीत. दाजी आहेत, पण असून नसल्यासारखे. दहाव्याला आले होते, तेराव्याला नव्हते. कुणी म्हणतं पनवेलला आहेत, कुणी म्हणतं भिवंडीला. फोन लागलाच तर संध्याकाळी सातनंतर बोलण्यात अर्थ नसतो.

मुलं सध्या माझ्या आईकडे, माण तालुक्यात गावी आहेत. आई ६८ वर्षांची, गुडघे गेलेले, शुगर. दोन शेळ्या आणि श्रावणबाळचे १५०० रुपये, एवढीच तिची मिळकत. मी साताऱ्यात एमआयडीसीत कामाला. भाड्याच्या दोन खोल्या, बायको आणि आमची दोन, एक मुलगा, एक मुलगी. गावी जमेल तसे दोन-तीन हजार पाठवतो.

गेल्या महिन्यात आईचा पाय सुजला. मी गेलो तर थोरली चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. चार दिवस तीच करत होती म्हणे. मनगटावर चटका बसलेला, त्यावर टूथपेस्ट लावलेली. मला बघून म्हणाली, "मामा, माझी भाकरी फुगती, पण गोल नाही होत." तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

गावातल्या एकानं सांगितलं, आश्रमात घाला, शिक्षण तरी होईल. एका ठिकाणी जाऊन आलो, नाव लिहीत नाही. जागा स्वच्छ होती. तिथला माणूस म्हणाला, सगळं फुकट, फक्त 'वडील वारले आहेत' असं लिहून द्या आणि १८ वर्षांपर्यंत मुलं मागणार नाही असा बाँड करा. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

आईचं एकच, "मी जित्ती हाय तवर पोरं आश्रमात जायची न्हाईत. माझ्यामागं काय करायचं ते करा."

सरकारी बालगृहात घालायचं तर रीतसर मार्ग कोणता? दोघं एकत्र राहतील का? घालूच नये असं कुणाचं मत असेल तर तेही सांगा, पण मग पैशाचं काय करायचं तेही सांगा.

कृष्णाकाठची

वाचून पोटात तुटलं. दादा, १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे.

माणचा_मामा

ताई, आई त्या फोनलाच घाबरते. शेजारणीनं तिला सांगितलंय की फोन केला की गाडी येते आणि पोरं उचलून नेतात.

निवृत्त_अधीक्षक

सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांत बालगृहांवर नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या बाँडवाल्याबद्दल. उठून आलात ते बरं केलंत. कुठल्याही संस्थेला परस्पर मूल दाखल करून घेता येत नाही, सरकारी असो वा खासगी. मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं, आणि समितीच्या लेखी आदेशानेच ते बालगृहात जातं. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे संस्थेची नोंदणी सक्तीची. नोंदणी नसताना मुलं ठेवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. आणि जिवंत बापाला कागदावर मारायला सांगणारा माणूस उद्या त्याच कागदावर काय करेल, याचा विचार करा. पुढच्या खेपेला कुठेही गेलात तर चहाच्या आधी नोंदणी प्रमाणपत्र मागा.

समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, पण खोली कोर्टासारखी नसते. पिंजरा नाही, काळा कोट नाही. मुलाशी वेगळं बोलतात. घरी गृहचौकशी होते, तिचा अहवाल येतो, मग आदेश. १०९८ बद्दल आईंना सांगा की २०२३ पासून ही सेवा शासनाकडे आहे, ११२ ला जोडलेली. फोन केला म्हणून गाडी येऊन पोरं नेत नाही. मार खाणारं, हरवलेलं, रस्त्यावरचं मूल असेल तर धावपळ होते, आणि असं मूल २४ तासांत समितीसमोर आणावं लागतं. तुमची मुलं आजीच्या कुशीत आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दोघं एकत्र राहतील का. नाही. सहा वर्षांखालचं मूल शिशुगृहात जातं, सहाच्या वरचं बालगृहात, आणि त्यातही मुलामुलींची गृहं वेगळी. म्हणजे तुमचा धाकटा एकीकडे, थोरली दुसरीकडे. सहा महिन्यांनी तो सहाचा झाला की पुन्हा तिसरीकडे. आई गेलेल्या पोराला वर्षात तीन छपरं.

एक भाऊ-बहीण असेच माझ्याकडे होते. ती आमच्याकडे, तो दुसऱ्या गावी. दर रविवारी ऑफिसच्या फोनवरून बोलणं करून द्यायचो. पहिले दोन महिने दोघं नुसती रडायची. मग बोलायला लागली. मग एका रविवारी पोरगा फोनवर आलाच नाही, कॅरम खेळत होता. पोरगी रिसीव्हर धरून बराच वेळ उभी होती. वाईट कुणीच वागलं नव्हतं हो. असं होतं.

आमच्याकडे दर जूनमध्ये आया ट्रंका घेऊन यायच्या, वसतिगृहात सोडायला यावं तशा. माझ्या नोकरीत खऱ्या अर्थानं अनाथ मुलं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. बाकी सगळ्यांचं कुणी ना कुणी होतं, नव्हते ते पैसे. कायद्यातच लिहिलंय की संस्था हा शेवटचा उपाय. म्हणून पैशाचं सांगतो.

आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे, २००५ पासूनची. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. मूल नातेवाइकाकडे किंवा एका पालकाकडे वाढत असेल तर दरमहा मुलामागे २२५० रुपये खात्यावर. मी लागलो तेव्हा ४२५ होते, मग ११०० झाले. आई वारलेली, बाप परागंदा, मुलं आजीकडे: तुमची केस अगदी यातली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून ४००० रुपये आहेत, पण तिथे उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. दोन्हींपैकी एकच मिळेल. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. आधी गावातल्या अंगणवाडीताईंना भेटा. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर तरी प्रत्येक गावात असते, तिच्यात त्या असतात.

स्पष्टवक्ता_वाई

सगळं ठीक आहे, पण एक विचारतो, राग मानू नका. सख्खा मामा साताऱ्यात बसून इथे धागा काढतोय आणि भाची चुलीपुढं हात भाजून घेतेय. चार लेकरं एका घरात वाढली नाहीत का कधी आपल्याकडे?

कृष्णाकाठची

असं बोलायची काही गरज होती का?

माणचा_मामा

ताई, राहू दे. त्यांनी विचारलं ते मी स्वतःलाच रोज विचारतो.

खरं लिहितो. पगार १९ हजार हातात येतो. खोलीभाडं पाच. बायको 'नाही' म्हणत नाही, पण 'हो' पण म्हणत नाही. तिचंही बरोबर आहे. तिच्या माहेरचा एक भाचा आमच्याकडे दोन वर्षं शिकायला होता, त्याचं जे झालं ते तिला निस्तरावं लागलं होतं, मला नाही. मी कंपनीत जातो, घरात ती असते. मी 'आणू' म्हणणं सोपं आहे.

आणि आईचंही आहे. पोरं इकडे आणली तर ती तिथे एकटी. ती शेळ्या सोडून यायची नाही.

स्पष्टवक्ता_वाई

ठीक. शब्द मागे घेतो. माझ्या आजोळी आम्ही नऊ जण होतो, त्या हिशोबात बोललो. तेव्हा निस्तरत कोण होतं हे आता मोजायला बसलं तर एकटी मामीच होती.

विटेकर

आमच्या खानापूर-आटपाडीकडे निम्मं गाव गलाईसाठी देशभर. सोन्या-चांदीच्या भट्ट्या दिल्ली, कोलकाता, केरळ, कुठं कुठं. पोरं गावाकडे आजीजवळ. मीही तसाच वाढलोय. आजीजवळ वाढणं हे काही 'बिचारं' प्रकरण नाही, पण आमच्या वेळी मागून मनिऑर्डर यायची आणि दिवाळीला आईबाप यायचे. इथे मागून काही येत नाही, हाच फरक. ते २२५० म्हणजे ती मनिऑर्डर समजा.

आजीच्या पायाचं मात्र बघा. पैसे आले तरी भाकरी कोण थापणार?

बोर्डिंगवाले_आजोबा

मी शाहू बोर्डिंगचा विद्यार्थी. कर्मवीर अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात सुरू केलेलं. १९२७ ला गांधीजी येऊन गेले, ते आमच्या आधीच्या पिढीनं पाहिलेलं. मुलांना धान्य कमी पडलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, ते आम्हाला पाठ्यपुस्तकातून कळलं नाही, ती पोळी-भाकरी खाल्लेल्यांकडून कळलं. सांगायचा मुद्दा, आपल्या जिल्ह्यात घराबाहेर राहून शिकणं ही लाजेची गोष्ट कधीच नव्हती. 'आश्रम' शब्दाला एवढं काय घाबरायचं?

निवृत्त_अधीक्षक

आजोबा, नमस्कार. पण बोर्डिंग आणि बालगृह यांत मोठा फरक आहे. बोर्डिंगच्या पोराचा पालक घरीच असतो, सुट्टीत ते घरी येतं, ताबा कुठे जात नाही. बालगृहात मूल समितीच्या आदेशानं असतं, सोडतानाही आदेश लागतो. आया ट्रंक घेऊन यायच्या त्या तुमचं बोर्डिंग डोक्यात ठेवूनच.

पण तुमच्या बोलण्यात एक धागा आहे. थोरली पाचवीत आहे ना? नवोदयची परीक्षा पाचवीतच असते, सहावीला प्रवेश. समाजकल्याणची मुलींची वसतिगृहंही आहेत. आत्ता नाही, आठवी-नववीला आजीचं वय बघून विचार करता येईल. ती घाई आज करू नका. आई गेल्याला वर्ष झालेलं नाही.

एक_जून

मी या विषयावर सहसा लिहीत नाही. सहा ते अठरा बालगृहात होतो. जिल्हा सांगत नाही.

आयडीचं कारण. माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्यासोबतच्या नऊ जणांचीही १ जून आहे. ज्याची तारीख कुणाला माहीत नाही त्याची शाळेत १ जून लावायची पद्धत. म्हणून आम्ही दहा जण एकाच दिवशी अठरा वर्षांचे झालो. सकाळी शिरा केला होता. दुपारी साहेबांनी एकेकाला बोलावून पुढचं काय ते विचारलं. बारावीचा निकाल नुकता लागलेला, कॉलेजचे फॉर्म निघालेले, आणि राहायचं कुठं हा प्रश्न त्याच आठवड्यात.

बाहेर पडल्यावर अनुरक्षणगृह असतं, २१ वर्षांपर्यंत, काही वेळा २३ पर्यंत, हे मला तेव्हा माहीत होतं म्हणून निभावलं. आम्हा दहांतल्या तिघांना माहीत नव्हतं. ते त्याच संध्याकाळी पुण्याच्या एसटीत बसले.

बालगृह वाईट नव्हतं, हे आधी लिहितो, कारण लोकांना लगेच पिक्चरमधलं काहीतरी आठवतं. जेवण वेळेवर, शाळा वेळेवर, कोणी मारलं तर तक्रारपेटी होती आणि ती उघडलीही जायची. माझे वडील रोज मारायचे. मला तिथे झोप लागली. माझ्यासाठी ती जागा बरोबर होती.

पण एक गोष्ट घरात फुकट असते आणि तिथे नसते. तुमचं असं कुणाला काही लक्षात राहत नाही. मला वांगं आवडत नाही हे बारा वर्षांत पाच गृहपित्यांना पाच वेळा सांगितलं. प्रत्येक नवा माणूस आला की पहिल्यापासून. आता बायको ताटात वांगं वाढत नाही तेव्हा दर वेळी मला जरा नवल वाटतं. लग्नाला सहा वर्षं झाली.

मामा, तुमच्या भाचीची भाकरी गोल होत नाही हे तुम्हाला माहीत आहे. एवढ्यासाठी तिला तिथेच ठेवा.

कृष्णाकाठची

🙏

वाचनमात्र_कराड

वाचनखूण साठवली. एक अवांतर: दर वाढदिवसाला बालगृहात केक घेऊन जायची आमच्या ऑफिसात टूम आहे. चुकीचं आहे का?

एक_जून

केक खाल्लाय, आवडायचा. कधीकधी एका रविवारी तीन-तीन केक असायचे आणि सोमवारी वहीला पैसे नसायचे. फोटो मात्र काढू नका. मागे उभं राहून हसायला सांगतात ते नको वाटतं. ज्याचा वाढदिवस त्याचं नाव आम्हाला माहीत नसायचं, टाळ्या वाजवायच्या.

निवृत्त_अधीक्षक

कायदाही तेच सांगतो. कलम ७४: अशा मुलांची ओळख पटेल असा फोटो, नाव, शाळा, काहीही छापायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फेसबुक त्यात आलंच. द्यायचंच असेल तर बारावीच्या पोरांच्या क्लासची फी भरा, नाहीतर अठरा पूर्ण झालेल्याला आपल्या कारखान्यात शिकाऊ म्हणून घ्या.

कोर्टाची_पायरी

वकील आहे, सांगलीत प्रॅक्टिस. कायद्याचं थोडं.

गावाकडे हमखास कुणीतरी सुचवतं, "स्टॅम्पवर लिहून घ्या, दत्तक झालं." होत नाही. नोटरीच्या शिक्क्यानं मूल कुणाचं होत नसतं. कायद्याबाहेर मूल दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

मामांनी दत्तक घ्यायचं म्हटलं तर गंमत बघा. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा. त्यात ज्याला मुलगा आहे त्याला मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी आहे त्याला मुलगी नाही. मामांना एक मुलगा, एक मुलगी. दोन्ही दारं बंद. बाल न्याय कायद्यात मात्र नातेवाइकानं दत्तक घेण्याची सोय आहे आणि 'नातेवाईक' या व्याख्येत सख्खा मामा बसतो. ते अर्ज 'कारा'च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवरून जातात आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. पण बाप हयात आहे, त्याची संमती लागणार. आणि मला वाटतं तुम्हाला दत्तक नकोच आहे, तुम्हाला मुलं सुरक्षित हवी आहेत.

तर ताब्याचं बघा. आई गेली, बाप कायद्यानं नैसर्गिक पालक. उद्या तो दारू पिऊन आला आणि पोरं घेऊन चालता झाला तर आजीच्या हातात आज एकही कागद नाही. समिती आजीला 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्यता देऊन मुलं तिच्या ताब्यात देऊ शकते. बालसंगोपनाचा अर्ज करताना हेही तोंडानं मागा आणि आदेशात लिहून घ्या. कायम पालकत्व हवं असेल तर जिल्हा न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज. तो लांबचा रस्ता, आज गरज नाही.

अनाथ प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. नोकरी-शिक्षणातलं एक टक्का आरक्षण ज्या मुलांसाठी आहे त्यांत तुमची मुलं बसत नाहीत, वडील जिवंत आहेत. गावातला कुणी एजंट 'काढून देतो' म्हणेल. त्याला चहासुद्धा देऊ नका.

मिरज_जंक्शन

धागा भरकटवत नाही, पण विचारतो. आम्हाला मूल नाही. दत्तकासाठी नाव लावलंय, तीन वर्षं झाली. बायको म्हणते दत्तक मिळेपर्यंत एखाद्या मोठ्या मुलाला घरी आणता येतं का? फॉस्टर केअर म्हणतात ते. आमच्या आईला हे पटत नाही, "वाढवायचं आणि परत द्यायचं, हे काय भाड्याचं पोर?"

निवृत्त_अधीक्षक

आईंना सांगा, भाडं नाही, भाचवंड सुट्टीला येतं तसं. फक्त ही सुट्टी लांबते. प्रतिपालकत्व म्हणतात त्याला. अर्ज बाल संरक्षण कक्षाकडे. तुमची चौकशी होते, तब्येतीचे कागद, पोलीस पडताळणी, शेजारीपाजारी काय म्हणतात तेही. मग समिती मूल जुळवते, मुलाच्या खर्चासाठी दरमहा ४००० मिळतात. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दोन मोठे बदल केले. एकट्या व्यक्तीलाही आता प्रतिपालक होता येतं. आणि दोन वर्षं मूल तुमच्याकडे नीट रुळलं तर त्यालाच दत्तक घेण्याचा अर्ज करता येतो, आधी ही मुदत पाच वर्षं होती. ही सहा वर्षांवरची मुलं असतात, ज्यांना तान्हं बाळ हवं असणारे लोक बघतही नाहीत.

पण मनाशी एक पक्कं करून जा. त्याची आई बरी होऊन आली तर ते परत जाईल. तेव्हा पिशवी तुम्हीच भरून द्यायची.

मिरज_जंक्शन

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते पिशवी भरून देईन. सोमवारी जातोय.

माणचा_मामा

उशिरा लिहितोय, माफी असावी. मधल्या काळात बरंच झालं.

अंगणवाडीताईंनी फार मदत केली. त्यांच्याकडे अर्जाचा नमुना होता, त्यांनी याआधी गावातल्या एका विधवा बाईचा केला होता. कागद सांगतो, कुणाला उपयोग होईल: बहिणीचा मृत्यूचा दाखला, मुलांचे आणि आईचं आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, वडील बेपत्ता असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि मुलांचा आजीसोबत घरासमोर काढलेला फोटो.

उत्पन्नाच्या दाखल्याला तीन हेलपाटे झाले. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद, एकदा म्हणे आजीचं उत्पन्न कसं लिहायचं, शेळीचं धरायचं का. मी म्हटलं धरा, पण मग शेळीचं वैरणही वजा करा. ते हसले आणि दाखला मिळाला.

फोटोचं सांगतो. दहिवडीवरून फोटोवाला आणला नाही, मोबाईलवरच काढला. आईनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं, जे बहिणीच्या लग्नात नेसली होती. धाकट्यानं पहिल्या चार फोटोंत डोळे मिटले. पाचव्यात शेळी मध्ये आली. सहावा पाठवला.

समितीसमोर गेलो त्या दिवशी आई साताऱ्यापर्यंत एसटीत एक शब्द बोलली नाही, पदराला गाठ मारून बसली होती. खोलीत गेल्यावर एका मॅडमनी तिला आधी पाणी दिलं. थोरलीला वेगळं बोलावलं. बाहेर आल्यावर मी विचारलं काय विचारलं ग? म्हणाली, "तुला कुठं राहायला आवडेल विचारलं." मग तू काय म्हणालीस? "मी म्हटलं, मी दुसरीकडं गेली तर शेळ्या कोण सोडणार."

आदेश झाला. मुलं आजीच्या ताब्यात, वकीलसाहेबांनी सांगितलेला शब्द आदेशात आहे. बालसंगोपन दोघांचंही मंजूर. पैसे अजून खात्यावर आलेले नाहीत, वेळ लागतो म्हणाले. गृहचौकशीला आलेल्या बाईंनी एक अट तोंडी घातली, चूल थोरलीनं करायची नाही. म्हणून शेजारच्या वहिनींना महिना ठरवून दिलाय, भाकरी त्या करून देतात. ते पैसे मी देतो. बायकोनं तिच्या भिशीतून गॅसची शेगडी घेऊन दिली. मी मागितली नव्हती. दिवाळीला दोन्ही पोरं इकडेच होती, आईसकट. शेळ्या अंगणवाडीताईंकडे.

स्पष्टवक्ता_वाई

शेगडीबद्दल वहिनींना माझा नमस्कार सांगा.

विटेकर

+१. आणि दाजींचं काय?

माणचा_मामा

एकदा फोन आला. पैसे मंजूर झाले का विचारत होते. खातं मुलांच्या नावावर आजीसोबत आहे म्हटल्यावर ठेवला.

कोर्टाची_पायरी

आदेशाची प्रत लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून एक पोलीस पाटलांकडे द्या.

माणचा_मामा

दिली. आता एक शेवटचं. धाकट्याचं पुढच्या वर्षी पहिलीला नाव घालायचंय. अंगणवाडीच्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख १ जून लिहिलीय. एक_जून दादांचं वाचल्यापासून ती खुपतेय. बदलता येईल का?

एक_जून

बदला. आत्ताच बदला, शाळेत पडली की दहावीपर्यंत हलत नाही.

कोर्टाची_पायरी

जन्म कुठे झाला? दवाखान्यात झाला असेल तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद असणार. दाखला काढा आणि शाळेत नाव घालताना तोच द्या. रजिस्टरातलं मग आपोआप मागे पडेल.

माणचा_मामा

मिळाला. बहिणीच्या सासरकडे, कराडजवळ नोंद होती. तारीख ९ नोव्हेंबर. आईला फोनवर वाचून दाखवली तर म्हणाली, "म्या तवाच म्हटलं व्हतं. कारखान्याचं धुराडं नुकतंच पेटलं व्हतं, आन बाळंतिणीच्या खोलीत मळीचा वास येत व्हता."